निरोगी ज्येष्ठांमधली मेंदूची जोडणी आणि स्मरणशक्ती : मोजणी कशी करावी, कुठे फसते

विश्रांतीतल्या मेंदूचं एफएमआरआय स्कॅन (रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून मेंदूचं काम टिपणारं) काढणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. माणूस स्कॅनरमध्ये निवांत पडून राहतो, दर दोनेक सेकंदांनी मेंदूचं एक चित्र टिपलं जातं, आणि कोणते भाग एकाच लयीत वरखाली होतात ते सहसंबंधावरून कळतं. या सहसंबंधालाच 'जोडणी' म्हणतात. १९९५ मध्ये बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या मोटर कॉर्टेक्सबाबत हे दाखवलं, तेव्हापासून पद्धतीचा गाभा तोच आहे.

साठी ओलांडलेल्या माणसांवर हीच पद्धत वापरली की प्रश्न सुरू होतात. वयाबरोबर स्कॅनरमध्ये डोकं जास्त हलतं, रक्तवाहिन्या ताठर होतात, ग्रे मॅटर (चेतापेशींचा राखाडी भाग) पातळ होतं, ऐकू कमी येतं. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट जोडणीचा आकडा तरी बदलते, नाहीतर स्मरणचाचणीचे गुण. काही दोन्ही बदलतात. म्हणून काहीही विशेष न करता 'जोडणी कमी तिथे स्मरण कमी' असा निकाल हाती येतो, तो छापूनही होतो, आणि त्यात मेंदूच्या जाळ्यांबद्दल काहीच नसतं. हा फुकटचा निकाल टाळून काम कसं करायचं, ते पुढे दिलं आहे.

आधी प्रश्न, मग स्कॅनरची वेळ

'स्मरणशक्ती' हा शब्द अभ्यासाच्या आराखड्यात नुसता ठेवू नका. वयाबरोबर सर्वांत ठळकपणे घसरते ती प्रसंगस्मृती, म्हणजे काय, कुठे, केव्हा घडलं हे आठवणं. शब्दांचे अर्थ आणि सामान्यज्ञान बराच काळ टिकून राहतं. कार्यकारी स्मृती, म्हणजे माहिती काही क्षण डोक्यात धरून तिच्यावर काम करणं, हीही कमी होते. पण तिचा संबंध मुख्यतः कपाळामागच्या आणि पार्श्व भागातल्या नियंत्रण जाळ्यांशी आहे. प्रसंगस्मृती अभ्यासायची असेल तर हिप्पोकॅम्पस (आठवणी घडवणारा मेंदूतला खोल भाग) आणि डिफॉल्ट मोड नेटवर्क (विश्रांतीत एकत्र सक्रिय असणारं जाळं), म्हणजे पोस्टेरियर सिंग्युलेट, प्रीक्युनियस, मध्यवर्ती प्रीफ्रंटल भाग आणि अँग्युलर जायरस, इथून सुरुवात करा.

जोडणीचं कोणतं माप घेणार हेही आधीच लिहून ठेवा. आमच्या मते पहिल्या अभ्यासासाठी दोनच मापं पुरेत. एक, डिफॉल्ट मोडच्या पुढच्या आणि मागच्या भागांमधली जोडणी. ती वयाबरोबर कमी होते हे अँड्र्यूज-हॅना आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं आणि नंतर इतरांनाही ते आढळलं. दुसरं, जाळ्यांचं पृथक्करण, म्हणजे जाळी एकमेकांपासून किती वेगळी राहतात. त्याची आकडेमोड पुढे येईल. मेंदूच्या भागांच्या बाकी हजारो जोड्या तपासायच्या असतील तर त्या 'शोधक' म्हणून वेगळ्या ठेवा.

'निरोगी' कोणाला म्हणायचं

इथे दोन टोकांच्या चुका होतात. एकीकडे स्मृतिभ्रंशाच्या उंबरठ्यावरची माणसं नकळत गटात येतात. दुसरीकडे रक्तदाबाची एक गोळी घेणारा प्रत्येक जण वगळला जातो आणि उरतात ती इतकी धडधाकट माणसं की निकाल कोणालाच लागू पडत नाही. नियंत्रणात असलेला रक्तदाब वगळू नका. तो मोजा आणि नोंदवा. पक्षाघात, पार्किन्सन, अपस्मार, डोक्याची मोठी इजा आणि सध्याचं तीव्र नैराश्य मात्र वगळा.

गाळणीसाठी मोका किंवा एमएमएसई या आकलनाच्या छोट्या चाचण्या, दोन्ही ३० गुणांच्या. मोकासाठी २६ ही नेहमीची सीमा, आणि शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून द्यायचा. कमी शालेय शिक्षण झालेल्यांना तरीही ही सीमा अन्यायकारक ठरते, तेव्हा तुमच्या भाषेतली आणि शिक्षणगटाची प्रमाणित मानकं असतील तर तीच वापरा. नैराश्यासाठी १५ प्रश्नांची ज्येष्ठांची प्रश्नावली. ५ च्या पुढे गुण गेले तर प्रत्यक्ष बोलून खात्री करा. औषधांची पूर्ण यादी लिहून घ्या. झोपेच्या गोळ्या, विशेषतः बेंझोडायझेपिन गटातल्या, आणि अ‍ॅसिटिलकोलिन अडवणारी औषधं स्मरणावर थेट परिणाम करतात.

एवढं करूनही एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. सत्तरीच्या आसपास, चाचण्यांमध्ये पूर्ण ठीक असलेल्या साधारण २० ते ३० टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरशी जोडलेलं प्रथिन) साचलेलं असतं, आणि ते नेमकं डिफॉल्ट मोडच्या भागांत जास्त साचतं. पेट स्कॅन किंवा रक्तचाचणी परवडत असेल तर घ्या. नसेल तर 'निरोगी वार्धक्याचा परिणाम' असं लिहिताना हात आखडता ठेवा.

स्मरणचाचणी

शब्दयादीची चाचणी स्वस्त, सोपी आणि भरवशाची आहे. रे यांच्या पद्धतीत १५ शब्द सेकंदाला एक या गतीने वाचायचे, लगेच आठवायला सांगायचं, असं पाच वेळा. मग दुसरी १५ शब्दांची यादी एकदा, लगेच पहिली यादी पुन्हा आठवायची, आणि २० ते ३० मिनिटांनी परत एकदा. शेवटी ओळखण्याची चाचणी. मधल्या वेळात शब्दांचं दुसरं काम देऊ नका, आकृत्यांचं चालेल. पाच फेऱ्यांची बेरीज (कमाल ७५) शिकण्याचं माप देते, उशिराची आठवण (कमाल १५) टिकण्याचं. ओळखण्याच्या चाचणीत निरोगी माणसांचे गुण वरच्या टोकाला चिकटतात, त्यामुळे सहसंबंधासाठी ती एकटी कामाची नाही. जोडीला चेहरा आणि नाव यांची सांगड घालणारी चाचणी घ्या. हिप्पोकॅम्पसवर खरा ताण अशा सांगड घालण्याच्या कामातच पडतो. दोन-तीन चाचण्यांचे प्रमाणित गुण एकत्र केले तर एकेका चाचणीतली चढउतार बरीच निघून जाते.

यादी दुसऱ्या भाषेतून स्वतः भाषांतर करून घेऊ नका. शब्दांची लांबी, वापरातलं प्रमाण आणि ते डोळ्यांसमोर किती सहज येतात हे सगळं बदलतं, आणि यादी सोपी झाली की अवघड हे कळायला मार्ग उरत नाही.

श्रवणक्षमता तपासल्याशिवाय शब्दयादी वाचूच नका. ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झवरची सरासरी नोंदवा, श्रवणयंत्र असेल तर ते लावून चाचणी घ्या. नीट न ऐकलेला शब्द विसरलेला म्हणून मोजला जातो. शिवाय ऐकण्यासाठी जास्त जोर लावावा लागला की लक्षात ठेवायला ताकद कमी उरते. शंका असेल तर शब्द पडद्यावरही दाखवा, पण मग सगळ्यांनाच दाखवा.

दिवसाची वेळ सगळ्यांना सारखी ठेवा, शक्यतो सकाळची. ज्येष्ठांची कामगिरी दुपारनंतर तरुणांपेक्षा जास्त ढासळते, आणि तरुणांचा तुलनागट संध्याकाळी घेतला तर तफावतीचा अर्थच लागत नाही. विश्रांतीचं स्कॅन कोणत्याही स्मरणकामाच्या आधी घ्या. शिकल्यानंतरच्या विश्रांतीत हिप्पोकॅम्पसची जोडणी त्या शिकण्याने बदलते. तेच तुमचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी.

स्कॅनच्या दिवशी

पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, डोळ्यात गेलेला धातूचा कण यांची विचारपूस फोनवर एकदा आणि समोर एकदा अशी दोनदा करा. या वयात शस्त्रक्रिया बऱ्याच झालेल्या असतात आणि एखादी सांगायची राहून जाते.

कॅफिनमुळे मेंदूतला रक्तप्रवाह कमी होतो आणि जोडणीचे आकडे हलतात. पण रोज पिणाऱ्याला अचानक बंद करायला लावलं तर डोकं दुखतं आणि रक्तप्रवाह उलट वाढतो. म्हणून सर्वांना एकच नियम द्या, आणि शेवटचं कॅफिन किती तासांपूर्वी व किती घेतलं हे लिहून ठेवा. स्कॅनच्या ऐन आधी लघवीला जाऊन यायला सांगा. गुडघ्यांखाली उशी, अंगावर पांघरूण. थंडी वाजली की स्नायू कापतात. पाठीला बाक असलेल्यांना सपाट झोपणं जड जातं, त्यांच्या मानेखालचा आधार वेगळा लागतो. हे नकली स्कॅनरमध्ये आधी १०-१५ मिनिटं करून पाहिलं तर खऱ्या स्कॅनचा वेळ वाया जात नाही. कपाळावरून कॉइलच्या (डोक्याभोवतीच्या सिग्नल टिपणाऱ्या साच्याच्या) एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वैद्यकीय चिकटपट्टी लावा. ती डोकं बांधून ठेवत नाही, पण किंचित हललं तरी त्वचेला ओढ जाणवते आणि माणूस स्वतःच स्थिर होतो. या एवढ्याशा उपायाचा गुण मोठा आहे.

सूचना सगळ्यांना शब्दशः तीच: "डोळे उघडे ठेवा, समोरच्या फुलीकडे पाहा, पापण्या हव्या तेव्हा मिटा, मुद्दाम काही आठवायचा किंवा मोजायचा प्रयत्न करू नका, झोपू नका." डोळे मिटून पडलेल्या अनेकांना पहिल्या काही मिनिटांतच डुलकी लागते, आणि झोप लागली की सगळ्या मेंदूचा सिग्नल एकत्र वरखाली होऊ लागतो. डोळ्यांवर कॅमेरा असावा. नसेल तर स्कॅन संपताक्षणी झोप लागली होती का ते विचारून एक ते पाच अशी नोंद करा.

३ टेस्लाच्या यंत्रावर रास्त मापं अशी: चित्रांमधलं अंतर २ सेकंद, इको टाइम (स्पंदनापासून सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) ३० मिलिसेकंद, व्हॉक्सेल (चित्राचा सर्वांत लहान घन) २ ते ३ मिमी. एकूण वेळ निदान १०, शक्य तर १५ मिनिटं, दोन तुकड्यांत. मल्टीबँड (एका वेळी अनेक काप टिपण्याची रीत) वापरून ०.८ सेकंदापर्यंत खाली जाता येतं. पण प्रवेगाचा आकडा फार वाढवला की मेंदूच्या खोल भागात, म्हणजे नेमक्या हिप्पोकॅम्पसमध्ये, गोंगाट वाढतो. जोडीला १ मिमीचं टी१ (मेंदूची रचना दाखवणारं चित्र), चित्रातली विकृती दुरुस्त करण्यासाठी उलटसुलट दिशेने घेतलेली फील्ड मॅपची जोडी, आणि पांढऱ्या भागातले डाग पाहण्यासाठी फ्लेअर हे चित्र. फ्लेअर वेळ वाचवण्यासाठी गाळू नका. वार्धक्याच्या अभ्यासात त्याचं काम पुढे पदोपदी लागतं.

पहिल्या तीन-चार सहभागींनंतर थांबून सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर हिप्पोकॅम्पसच्या पुढच्या टोकाशी आणि त्याला लागून असलेल्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये तपासा. कानाजवळच्या हवेच्या पोकळ्यांमुळे तिथला सिग्नल गळतो. काप थोडे तिरपे घेतल्याने किंवा व्हॉक्सेल लहान केल्याने बऱ्याचदा सुधारतो. ऐंशी स्कॅन झाल्यावर हे कळून उपयोग नाही.

डोक्याची हालचाल

सगळ्यात जास्त अभ्यास इथे बुडतात. २०१२ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की अर्ध्या मिलिमीटरहून कमी हालचालीनेही जोडणीचा आकृतिबंध बदलतो: जवळच्या भागांमधला सहसंबंध फुगतो, दूरच्या भागांमधला आक्रसतो. आता डिफॉल्ट मोडचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांपासून दूर आहेत. ज्येष्ठ जास्त हलतात. म्हणजे 'वयाबरोबर दूरची जोडणी तुटते' हा निकाल नुसत्या हालचालीतूनही तयार होतो.

माप घ्यायचं ते फ्रेमवाइज डिस्प्लेसमेंट, म्हणजे एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत डोकं किती हललं. लागोपाठच्या दोन चित्रांमधले तीन सरकण्याचे आणि तीन वळण्याचे फरक घ्यायचे. वळण ५० मिमी त्रिज्येच्या गोलावर मिमीमध्ये बदलायचं. सहांची निरपेक्ष बेरीज करायची. एक अंश वळण म्हणजे ०.८७ मिमी. विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरपैकी एसपीएम आणि एफएमआरआयप्रेप वळण रेडियनमध्ये देतात, एएफएनआय अंशांमध्ये. एकक न पाहता सूत्र लावलं की वळणाचा आकडा पन्नासाहून जास्त पटींनी चुकतो आणि कुणाला शंकाही येत नाही. हालचाल मोजण्याच्या दुसऱ्या, जेन्किन्सन यांच्या सूत्राने येणारा आकडा यापेक्षा लहान असतो, तेव्हा एका सूत्राची सीमा दुसऱ्याला लावू नका.

०.२ मिमीच्या वरची चित्रं बाद करणं ही कडक रीत, ०.५ ही सैल. कडक रीत घेतली तर काय उरतं हे आधी मोजून पाहा. १० मिनिटांची ३०० चित्रं. ०.००९ ते ०.०८ हर्ट्झचा गाळणपट्टा (फक्त या वारंवारतेच्या लहरी ठेवणारा) लावला की उपलब्ध ०.२५ हर्ट्झपैकी फक्त २८ टक्के उरतं, म्हणजे साधारण ८५ स्वतंत्र आकडे. त्यातून हालचाल आणि इतर गोंगाटाच्या ३६ घटकांचं दुरुस्तीचं मॉडेल वजा केलं की ४९. आता समजा ४० टक्के चित्रं हालचालीमुळे बाद झाली: १८० चित्रं, गाळल्यावर ५१, दुरुस्तीनंतर १५. पंधरा आकड्यांवर काढलेला सहसंबंध काही सांगत नाही. म्हणून स्कॅन लांब घ्या, निदान ५ मिनिटांची स्वच्छ चित्रं न उरणाऱ्याला वगळा, आणि प्रत्येकाची उरलेली चित्रसंख्या निकालात द्या. ज्यांची जास्त चित्रं बाद झाली त्यांच्या आकड्यांत गोंगाट जास्त असतो, आणि ती बहुधा गटातली सर्वांत वयस्क माणसं असतात.

गाळणपट्टा आणि दुरुस्ती एकाच पायरीत करा. आधी सिग्नल गाळून मग न गाळलेले हालचालीचे घटक वजा केले, तर बाहेर काढलेल्या लहरी मागच्या दाराने परत येतात. मल्टीबँडच्या वेगवान स्कॅनमध्ये श्वासामुळे चुंबकीय क्षेत्र डोलतं आणि ते हालचालीसारखं दिसतं. तिथे हालचालीच्या आकड्यातून श्वासाची वारंवारता गाळल्याशिवाय सीमा लावू नका, नाहीतर स्थिर पडलेला माणूसही बाद होतो.

सगळं झाल्यावर एक तपासणी न चुकता करा. प्रत्येक जोडीचा सहसंबंध आणि सहभागीची सरासरी हालचाल यांचं नातं काढा, आणि ते नातं दोन भागांमधल्या अंतराप्रमाणे बदलतं का ते आलेखावर पाहा. रेघ उतरती दिसली तर हालचाल अजून आत आहे. पुढे जाऊ नका.

संपूर्ण मेंदूचा सरासरी सिग्नल वजा करावा की नाही, हा वाद जुना आहे. वजा केल्याने श्वासाचा आणि हालचालीचा अंश चांगला निघतो, पण ऋण सहसंबंध गणितानेच तयार होतात. दोन्ही प्रकारे करून दोन्ही निकाल द्या. निष्कर्ष फक्त एकाच प्रकारात टिकत असेल तर वाचकाला ते कळायला हवं.

रक्तवाहिन्या : सर्वांत दुर्लक्षित भाग

एफएमआरआयमध्ये चेतापेशींचं काम थेट दिसत नाही, दिसतो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल. वाहिन्या ताठर झाल्या की तेच काम करणाऱ्या पेशींमागे सिग्नल कमी उठतो. एवढ्याने सहसंबंध बिघडला नसता, कारण तो उंचीवर अवलंबून नाही. बिघडतो तो दोन कारणांनी. उंची कमी झाली आणि गोंगाट तेवढाच राहिला की सहसंबंध आपोआप उतरतो. आणि मेंदूच्या काही भागांत रक्त उशिरा पोचतं. ०.०५ हर्ट्झच्या दोन तंतोतंत सारख्या लहरींपैकी एक २ सेकंद मागे सरकवली तर सहसंबंध १ वरून ०.८१ वर येतो. ४ सेकंदांनी ०.३१ वर. पेशींमधलं नातं तसंच आहे, फक्त रक्त उशिरा आलं.

उपाय तीन, आपापल्या सोयीने. श्वास रोखण्याचं छोटं काम: श्वास सोडून सुमारे १५ सेकंद थांबायचं, मधे साधा श्वास, असं पाच-सहा वेळा. यातून प्रत्येक भागाची वाहिन्यांची प्रतिक्रिया मिळते. ते झेपत नसेल तर विश्रांतीच्या सिग्नलची चढउतार किती मोठी आहे हे त्या प्रतिक्रियेचं बऱ्यापैकी चांगलं पर्यायी माप आहे. त्स्वेतानोव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ते वार्धक्यासाठी तपासलं. तिसरा उपाय म्हणजे निदान रक्तदाब, मधुमेह आणि फ्लेअरवरच्या डागांची फॅझेकस श्रेणी (० ते ३) मॉडेलमध्ये घालणं. तिसरा सर्वांत कमकुवत आहे, पण तोही न करणारे पुष्कळ आहेत.

फ्लेअरचा आणखी एक उपयोग: टी१ वर हे डाग राखाडी दिसतात आणि सॉफ्टवेअर त्यांना ग्रे मॅटर समजतं. त्यामुळे ग्रे मॅटरचं आकारमान फुगतं आणि पांढऱ्या भागाचा मुखवटा (तो भाग कुठे आहे ते दाखवणारा आराखडा) मळतो. डाग वेगळे करून मगच विभागणी करा. पांढऱ्या भागाचे आणि मेंदूजलाचे मुखवटे एक-दोन व्हॉक्सेल आत कुरतडून घ्या.

जोडणी काढताना

प्रमाण साचे, म्हणजे सगळ्यांचे मेंदू ज्यांच्यावर बसवून तुलना करतात ते नमुना-मेंदू, बहुतेक तरुण मेंदूंवरून केलेले असतात. ज्येष्ठांमध्ये मेंदूतल्या पोकळ्या रुंदावलेल्या असतात, तेव्हा साच्यावर बसवल्यानंतर हिप्पोकॅम्पसची जागा प्रत्येक सहभागीच्या चित्रावर डोळ्यांनी पाहा. बसत नसेल तर तुमच्याच गटाचा मधला साचा तयार करा.

शेफर यांचा ४०० भागांचा नकाशा सोयीचा आणि लोकप्रिय आहे. त्यात हिप्पोकॅम्पस नाही. तो फक्त कॉर्टेक्सचा नकाशा आहे. स्मरणावरच्या अभ्यासात ही गोष्ट शेवटी लक्षात येणं जितकं हास्यास्पद वाटतं तितकं दुर्मिळ नाही. प्रत्येक माणसाच्या स्वतःच्या टी१ वरून हिप्पोकॅम्पस वेगळा काढून जोडा. शक्य तर पुढचा आणि मागचा भाग स्वतंत्र ठेवा, कारण दोघांची जाळी वेगळी आहेत. प्रमाण साच्यात सीमा मागे-पुढे मोजणाऱ्या वाय अक्षावर साधारण उणे २१ मिमीवर येते. हिप्पोकॅम्पसभोवती मेंदूजल आहे आणि साठीनंतर तो वर्षाला साधारण १ टक्क्याने आक्रसतो, म्हणून सरासरी सिग्नल घेताना चित्र गुळगुळीत करू नका. केलंत तर शेजारचं पाणी आत येतं.

आता पृथक्करण. प्रत्येक सहसंबंध फिशर झेडमध्ये (सरासरी काढता येईल अशा रूपात) बदला, ऋण आकडे शून्य करा, तक्त्याचा कर्ण (भागाचा स्वतःशीच सहसंबंध) सोडा. एकाच जाळ्यातल्या जोड्यांची सरासरी काढा, मग वेगवेगळ्या जाळ्यांमधल्या जोड्यांची. पहिलीतून दुसरी वजा करून पहिलीने भागा. उदाहरणापुरते आकडे घेऊ: आतली सरासरी ०.४० आणि बाहेरची ०.१० असेल तर पृथक्करण ०.७५, आतली ०.३४ आणि बाहेरची ०.१२ झाली तर ०.६५. वयाबरोबर नेमकं असंच होतं, आतली जोडणी सैल पडते आणि जाळ्यांमधल्या भिंती झिरपू लागतात. चॅन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की कमी पृथक्करणाचा संबंध वय वजा केल्यावरही कमकुवत प्रसंगस्मृतीशी राहतो. शेकडो जोड्यांची सरासरी असल्याने हे माप एकेका जोडीपेक्षा खूपच स्थिर असतं.

आलेख सिद्धान्ताची (मेंदूला बिंदू आणि रेघांचं जाळं मानणारी) मापं काढताना 'सर्वांत बळकट १० टक्के जोड्या ठेवा' अशी सीमा जपून लावा. ज्याची एकूण जोडणीच कमी, त्याच्याकडे दहा टक्के भरण्यासाठी गोंगाटातल्या जोड्या घेतल्या जातात, आणि त्याचं जाळं विस्कळीत दिसतं.

संख्याशास्त्र

४०० भागांच्या ७९,८०० जोड्या होतात. ०.०५ ची सीमा लावली तर काहीच नातं नसताना सुमारे ४,००० जोड्या 'लक्षणीय' निघतील. जाळ्यांच्या पातळीवर राहा.

किती माणसं लागतील? ८० टक्के ताकदीसाठी (नातं असेल तर ते पकडण्याची शक्यता ८० टक्के), खरा सहसंबंध ०.३ असेल तर ८५, ०.२ असेल तर १९४; ०.१ असेल तर ७८३. पण हे मापं अचूक असतील तर. एकेका जोडीची पुनर्मापनातली विश्वासार्हता सरासरी ०.२९ च्या आसपास असल्याचं २०१९ च्या एका एकत्रित विश्लेषणात आढळलं. स्मरणचाचणीची ०.८ धरा. दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ ०.४८, म्हणजे खरा ०.३ चा सहसंबंध ०.१४ दिसेल. तीस-चाळीस जणांच्या अभ्यासात ०.५ चा सहसंबंध झळकला तर आनंद मानण्याआधी विखुरलेल्या बिंदूंमधले दोन टोकाचे बिंदू झाकून पाहा.

मॉडेलमध्ये वय, लिंग, शिक्षणाची वर्षं, सरासरी हालचाल आणि हिप्पोकॅम्पसचं आकारमान असावं. वय न घालता काढलेलं नातं बहुतेक वेळा वयाचंच असतं: दोन्ही आकडे वयाबरोबर उतरतात, म्हणून एकमेकांशी जुळतात. भाकीत करणारं मॉडेल बांधत असाल तर जोड्यांची निवड आणि वयाची दुरुस्ती प्रत्येक प्रशिक्षण गटाच्या आत करा. बाहेर केली की चाचणी गटाची माहिती आत गळते आणि अचूकता खोटी वाढते. एकाच वेळी घेतलेल्या मोजणीवरून 'वय जोडणीमार्फत स्मरण कमी करतं' असं मध्यस्थ विश्लेषण करू नका. माणसांमाणसांतला फरक आणि एकाच माणसातला काळानुसार बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी तीच माणसं काही वर्षांनी परत मोजावी लागतात, आणि तेव्हा शब्दयादीची समांतर आवृत्ती लागते, नाहीतर सरावाने गुण वाढतात.

निकाल वाचताना

जास्त जोडणी म्हणजे चांगली जोडणी, हे गृहीत धरू नका. सलामी, पुडास आणि नायबर्ग यांना २०१४ मध्ये आढळलं की ज्येष्ठांमध्ये डाव्या-उजव्या हिप्पोकॅम्पसमधली विश्रांतीतली जोडणी वाढलेली असते आणि ती जितकी जास्त तितकं स्मरण कमकुवत. वाढ दिसली की तिला लगेच 'भरपाई' म्हणण्याची सवय आहे. तसं म्हणायला निदान दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: ज्येष्ठांमध्येच ती वाढ चांगल्या स्मरणाबरोबर येते, आणि ज्यांच्या मेंदूची झीज जास्त त्यांच्यात हे नातं ठळक आहे. हे दाखवता आलं नाही तर 'वाढ' एवढंच लिहा.

सहभागींना त्यांचा जोडणीचा आकडा देऊ नका. एका माणसाबाबत त्यावरून काहीही सांगता येत नाही, आणि घरी जाऊन ते त्याची चिंता करत बसतात. टी१ किंवा फ्लेअरवर गाठ, जुना पक्षाघात असं काही अनपेक्षित दिसलं तर काय करायचं, कोणता रेडिओलॉजिस्ट पाहणार आणि कोण कळवणार, हे पहिल्या स्कॅनआधी संमतिपत्रात लिहिलेलं असावं. या वयोगटात अशी वेळ नक्की येते.

स्वतःचे स्कॅन हाती येण्याआधी ही सगळी साखळी खुल्या माहितीवर चालवून पाहा. केंब्रिजच्या कॅम-कॅन या संग्रहात १८ ते ८८ वयाची सुमारे ७०० माणसं आहेत, विश्रांतीचं स्कॅन ८ मिनिटं ४० सेकंदांचं, डोळे मिटून. अमेरिकेतल्या एचसीपी-एजिंगमध्ये ३६ पासून शंभरीपर्यंतची. यूके बायोबँकमध्ये स्कॅन सहाच मिनिटांचं, पण माणसं हजारोंनी. वय आणि पृथक्करण यांचं उतरतं नातं कॅम-कॅनवर मिळालं नाही, तर दोष बहुधा तीनपैकी एका जागी असतो: वळणाची एककं, गाळण आणि दुरुस्तीचा क्रम, किंवा भागांना जाळ्यांची नावं देताना सरकलेली ओळ. तिसरी शक्यता आधी पाहा. ती पाच मिनिटांत तपासून होते.